अक्काच्या उंबऱ्यावरचं रक्त

अक्काला केस धरून घराबाहेर ओढलं तेव्हा गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. लोक पायऱ्यांवर, कठड्यांवर, उभ्या हातगाडीवर चढून बघत होते. तिच्या उंबऱ्यावर रक्ताचे थेंब पडले होते, आणि ते पडणार हे सिद्धपुरुष म्हणवणाऱ्या बाबांनी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. असा रोकडा चमत्कार बघितल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. लोहाराने पहिली काठी तिच्या पाठीत घातली. दुसरी तोंडावर बसली आणि पुढचे दात ओठात घुसले.

लोहाराचं पोर तापाने फणफणलं होतं आणि औषध सोडून त्याने बाबांचे पाय धरले होते. बाबा पांढराशुभ्र अंगरखा घालून, अक्काचीच शिवणकामाची खुर्ची अंगणात ओढून बसले होते. तोंडाचा पट्टा चालूच होता. "लेकरांनो, हे साधं रक्त नाही. या बाईने पोराचा प्राण सूक्ष्म लहरींनी शोषला. प्राण पचतो, रक्त पचत नाही. ते ब्रह्मांडाला फेरी मारून चोराच्याच दारात येऊन पडतं." एवढ्या मोठ्या ब्रह्मांडाची फेरी एका रात्रीत कशी उरकते, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. उपायही बाबांकडे तयार होता. चोराचे दोन्ही हात उकळत्या तेलात बुडवायचे, म्हणजे शोषलेला प्राण बोटांवाटे सुटतो. चूल पेटवून कुणी कढई चढवलीसुद्धा. अक्का लोकांचे कपडे शिवून जगत होती. हात गेले असते तर तिच्यापाशी काहीच उरलं नसतं.

तिचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. निरोप मिळाला तसा तो खुर्चीतल्या पेशंटला 'आ' करून ठेवून हातमोज्यांसकट धावत आला. गर्दीने त्याला ओळखलं आणि बहिणीचा कैवार घ्यायला आला म्हणून पोटात गुद्दे घातले. दोघांनी मानगूट धरून त्याला उंबऱ्यावरच दाबलं. नाक डागांना टेकलं.

त्यामुळेच त्याला ते डाग नीट दिसले. त्याचा अर्धा जन्म लोकांच्या तोंडातलं रक्त पुसण्यात गेला होता. रक्त साकळतं, काळपट होतं, त्याची खपली धरते. हे विटकरी पाण्यासारखं पसरलं होतं आणि लाल ते लालच राहिलं होतं. त्याने कशीबशी मान वळवून वर पाहिलं. दाराच्या चौकटीला आतल्या अंगाने फुलपाखरांचे रिकामे कोश लटकत होते. शेजारी एक भरलेला होता. सगळे गुलाबी मेणाने चिकटवलेले.

डॉक्टरने ते मेण ओळखलं. ते कवळीचं माप घ्यायचं मेण होतं, त्याच्याच दवाखान्यातलं.

डॉक्टरला आळ्या पाळायचा नाद होता. परसातल्या रानटी झुडपांवरच्या काटेरी आळ्या तो कवळ्यांच्या डब्यांत आणून ठेवायचा, रोज ताजी पानं घालायचा, त्या कात टाकायला लागल्या की जेवण विसरायचा. "लोकांच्या दातातली कीड काढतोस आणि घरी कीड पाळतोस," असं अक्का चिडवायची. त्याचं हे पुराण ऐकून घेणारा आजवर कुणी भेटला नव्हता. गेल्या आठवड्यात भेटला. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या पेशंटने दाढ धरून सगळं लक्ष देऊन ऐकलं. कोश पारदर्शक होऊन आतले पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी फुलपाखरू बाहेर येणार. पंख पसरून झाले की ते पोटातलं लाल पाणी टाकणार. हरखलेल्या डॉक्टरने त्याला डबाभर कोश दिले, गळालेला कोश मेणाने कसा चिकटवायचा तेही करून दाखवलं. लोहाराने ज्या बाबांचे पाय धरले होते ते हेच. फुलपाखरं कधीच उडून गेली होती आणि उडत्या फुलपाखरावर कुणी संशय घेत नाही.

आता हे समजावून सांगत बसलो तर तोवर तेल तापेल, हे डॉक्टरला कळत होतं. त्याने जमिनीवरूनच लोहाराला हाक मारली. "दादा, रक्त कुठे पडणार ते मीपण सांगतो. आता ते बाबांच्या अंगावर पडेल. नाही पडलं तर माझेही हात घाला तेलात."

आणखी एक चमत्कार बघायला गर्दी एका पायावर तयार होती. मानेवरची पकड सुटली. डॉक्टरने भरलेला कोश मेणासकट उचकटला. तो डोक्याकडे तडकायलाही लागला होता. बाबांच्या वर कपडे वाळत घालायची दोरी होती, तिला त्याने तो अलगद चिकटवला. बाबा तटकन उठले, ही वस्तू अमंगळ आहे म्हणाले, आणि चिरडायला हात वर केला. लोहाराने त्यांना खांदा दाबून परत बसवलं. "बसा बाबा. तुम्ही खरे आहात, तुम्हाला कसलं भय." तो हे अगदी मनापासून म्हणाला.

अक्का पालथी पडली होती. तिच्या पाठीवर दोघांचे गुडघे होते आणि तेलाला धूर सुटला होता. कोश उलला. चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं, लटकलं आणि हळूहळू पंख ताठ करू लागलं. मग पांढऱ्या अंगरख्यावर, खांद्यापाशी, लाल थेंब पडला. पाठोपाठ दुसरा पडला.

मग गर्दीतून आवाज उठला, "हाच चोर. यानेच पोर खाल्लं."

डॉक्टरला वाटलं होतं, लोक फुलपाखराकडे बघतील. लोकांनी नुसता डाग पाहिला. लोहाराची काठी बाबांच्या कपाळावर बसली, कातडी फाटली, लोक त्यांना पाय धरून कढईकडे फरफटत नेऊ लागले. डॉक्टर मध्ये पडला. पुढची काठी त्याच्या हातावर आली आणि हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

"कुणाच्या अंगावर पडलं ते बघू नका," तो कण्हत म्हणाला, "कशातून पडलं ते बघा. कपाळातून येतंय ते रक्त, बघा कसं साकळतंय. खांद्यावरचं हे या फुलपाखराचं पाणी. याला पापही कळत नाही आणि पुण्यही."

जीव वाचवायला बाबाच ओरडला की कोश डॉक्टरनेच दिले होते, आपण फक्त रात्री ते चौकटीला लावले. डॉक्टरने मान हलवली. दिले होते, म्हणाला, आणि कुणीतरी ऐकतंय याच्या आनंदात ऐकणारा कोण आहे ते पाहिलं नाही.

लोहाराची काठी अजून वरच होती. "मग माझं पोर कुणामुळे आजारी पडलंय?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाला. "तपासल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. आज गल्लीत एकाने जरी 'मला माहीत नाही' म्हटलं असतं, तर कुणाचं डोकं फुटलं नसतं. जो न तपासता नाव सांगतो, त्याला आधी विचारा, तुला कसं कळलं."

अक्का हातांवर जोर देऊन उठून बसली. तिने तोंडातलं रक्त थुंकलं, त्याबरोबर दाताचा तुकडा पडला. ज्याने तो पाडला त्याच्याकडे तिने पाहिलं. सुजलेल्या ओठांतून तिचे शब्द नीट फुटत नव्हते, तरी सगळ्यांना ऐकू गेले.

"काठी टाक. पोराला दवाखान्यात न्यायला दोन्ही हात लागतील."

लोहाराने काठी टाकली आणि तो घराकडे पळत सुटला.