घडीची शेकोटी

जोगेश्वरीच्या ज्या गाळ्यात जानेवारीतही पंखा फुल्ल लागतो, त्या गाळ्यात मधुवंती शेकोट्या बनवते हे ऐकून लोक आधी हसत आणि मग तिच्या तब्येतीची चौकशी करत.

शेकोटी म्हणजे विजेची. आत दिव्यांच्या खोट्या ज्वाळा, त्यांच्याखाली गरम हवा फेकणारा हीटर, भोवती लाकडी चौकट, दोन बाजूंना दोन खांब आणि वर फुलदाणी ठेवायला फळी. थंड हवेच्या ठिकाणी बंगले भाड्याने देणारे लोक हौसेने अशा शेकोट्या लावतात. मधुवंतीचं मूळ काम नाटकांचे सेट बांधायचं. पण आताची नाटकं दोन खुर्च्या आणि मागे एक पडदा एवढ्यावर भागतात. भिंती कुणाला लागत नाहीत, जिने तर नाहीतच. गाळा जिवंत ठेवायचा तर दुसरं काहीतरी उभं करायला हवं होतं, आणि गाळा ठेवायचाच, याबाबतीत तिचं मन म्हणजे जुनं सागवान. वाळवीसुद्धा दात मोडून परत जाईल.

तिच्या जोडीला अंबादास होता. परभणीकडून तरुणपणी आला तो थेट सेट ठोकायलाच उभा राहिला आणि अजून उभाच होता. गाळा बंद झाला तर मुलाकडे नाशिकला जाऊन नातवंडांच्या सायकली पुसत बसायचं, हे भविष्य त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं.

पहिली शेकोटी त्यांनी अखंड बनवली आणि टेंपोने पाचगणीला रेवतीच्या बंगल्यावर धाडली. रेवती पार्ल्याची. तिने तिकडे बरेच जुने बंगले चालवायला घेतले होते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काकू, तुमची शेकोटी अंगणात बसलीय. एक खांब घाटात तडकला. उरलेली जिन्याच्या वळणावरून आत जाईना. पाहुणे तिच्यावर टॉवेल वाळत घालतायत."

"वाळतायत का तरी?" मधुवंतीने विचारलं. रेवती हसली, म्हणून पुढचं बोलणं झालं.

"मला सगळ्या बंगल्यांत लावायच्या आहेत हो. पण खोक्यांतून आल्या पाहिजेत. माझे राखणदार नवरा-बायको आहेत, त्यांना उचलता आल्या पाहिजेत, सुताराशिवाय उभ्या राहिल्या पाहिजेत. ज्याने जन्मात पाना धरला नाही अशा माणसाकडून माझ्यासमोर जोडवून दाखवा. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तिकडे डोंगरावर तुम्ही नसणार. जमलं तर सगळी ऑर्डर तुमची. नाही तर मी दुसरीकडे बघते."

"असं माणूस आहे," मधुवंती म्हणाली. "माझी नणंद."

शर्मिष्ठाताई बोरीवलीला राहत. दिवा बदलायचा तरी वॉचमनला वर बोलवत आणि तो येईपर्यंत अंधारात बसून त्याला नावं ठेवत. "माझ्या घरात शेकोटी? लोक म्हणतील, शर्मिष्ठेला आता चितेचीही घाई झाली," असं म्हणून त्यांनी होकार दिला.

घडीची शेकोटी बनवणं या दोघांना जड नव्हतं. सेटच्या भिंती पिनेच्या बिजागरीने जोडतात. अर्धी बिजागरी या तुकड्याला, अर्धी त्या तुकड्याला. दोन्ही एकमेकींत अडकल्या की वरून पिन सोडायची. स्क्रू नको, हातोडी नको. प्रयोग संपला की पिना उपसायच्या आणि अख्खं घर टेंपोत. खोकी भरायची रीतही टेंपोचीच: जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं, म्हणजे तेच पहिलं हाताला येतं. अंबादासने दोन्ही खांबांवर ब्रशने सुरेख अक्षरांत 'डावा' आणि 'उजवा' लिहिलं.

रविवारी बोरीवलीत दिवाणखान्यात शर्मिष्ठाताई, खुर्चीत रेवती आणि स्वयंपाकघरात, विंगेत उभं केल्यासारखे, मधुवंती आणि अंबादास. शर्मिष्ठाताईंनी मोड आलेले वाल भावजयीपुढे ठेवले होते. "नुसती बसू नकोस. बिरड्याचे सोल."

सुरुवात झकास झाली. खोकी हलकी, ताईंनी एकटीने ओढली. चौथरा पहिला हाती आला, त्यावर हीटरची चौकट बसली. मधुवंती एकेक वाल चिमटीत धरून सालातून सोडवत होती आणि कान बाहेर. मग बाहेर शांतता पसरली. मग "अगंबाई." मग ठक. ठक ठक.

"काय मारतायत?" अंबादास कुजबुजला.

"बत्ता असावा."

"मधू!" बाहेरून हाक आली. "डावा म्हणजे कुणाचा डावा गं?"

मधुवंतीने तोंड उघडलं. रेवती म्हणाली, "सांगायचं नाही, काकू."

अंबादासने कपाळावर हात मारला. "नटाचा," तो वालांच्या टोपलीला म्हणाला. "नटाचा डावा. वाट लागली वहिनी."

रंगभूमीवर डावं-उजवं धरतात ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. अंबादासने आयुष्यभर हेच धरलं होतं. त्याच्या हिशोबाने शेकोटी नट होती आणि ताई प्रेक्षक. ताई मात्र आपल्या घरात, आपल्या डाव्या हाताला 'डावा' लावत होत्या. बिजागऱ्या एकमेकींना भेटेनात आणि वायरीचं भोक भलत्याच बाजूला. बत्त्याने खांबाचा टवका गेला तेव्हा रेवतीनेच त्यांना थांबवलं.

"चूक आमची आहे," मधुवंती बाहेर येऊन म्हणाली.

"ते खरं, काकू. पण तिकडे राखणदारीण माझी शेवंताबाई, ती बंगल्यावर कुणाला विचारणार?"

"कुणाला विचारावं लागणारच नाही. पुढचा रविवार दे. हीच खोली आणि हीच बाई."

"ही बाई म्हणजे मी का?" शर्मिष्ठाताई बत्ता हातात घेऊनच म्हणाल्या.

रेवतीने दोघींकडे पाहिलं. "शेवटचा रविवार हं, काकू."

सोमवारी अंबादास ब्रश घेऊन तयारच होता. "सोपंय वहिनी. खोडतो आणि उलटं लिहितो."

"नको. तिकडे धुक्याने खोकी ओली होतील, अक्षरं फिसकटतील. शेवंताबाईंनी चष्मा लावला नसेल. वाचावं लागलं की वाट लागलीच म्हणून समज."

"मग बाण काढू? एक लाल, एक हिरवा?"

"अंबादास, जे चुकीचं लागू शकतं ते लागतंच. चुकीचं लागताच कामा नये."

म्हणायला सोपं होतं. तिने खांब आडवे पाडले, उभे केले, जोडीने भिंतीला लावले. डावा तो डावा आणि उजवा तो उजवा, नवरा-बायकोच्या ताटासारखे ठरलेले. दोन दिवस तिने त्यांच्याशी तोंड वाकडं करून काढले. बुधवारी अंबादासने टवका भरला, रंग लावला आणि ओला खांब सवयीप्रमाणे भिंतीला उलटा, डोकं खाली करून टेकवला. मधुवंती चहाचा ग्लास घेऊन बघत राहिली. उलट्या डाव्या खांबाच्या बिजागऱ्या आता उजव्या खांबाच्या जिथे असतात तिथे आल्या होत्या.

"अंबादास, हा उलटा केला की उजवा होतो रे."

"होतो. पण डोक्यावर उभा राहतो."

"डोकंच ठेवायचं नाही. दोन्ही टोकं सारखी करायची. बिजागऱ्या वरून जेवढ्या तेवढ्याच खालून. वायरीची खाच दोन्हीकडे. मग कुठलाही खांब कुठेही."

अंबादास खांबाशी उकिडवा बसला. खांबाच्या वरच्या टोकाला त्याने हाताने कमळ कोरलं होतं. खाली साधी बैठक. नाटकातल्या राजवाड्यांना, देवळांना, एकदा तर पोलीस चौकीलाही त्याने हेच कमळ दिलं होतं. चौकीतलं कुणी मागितलं नव्हतं.

"मग दोन्हीकडे कमळ कोरतो," तो शेवटी म्हणाला.

"पायाशी कमळ? केर काढताना झाडू लागणार त्याला. तुला चालेल?"

"नाही चालणार." त्याने अंगठा पाकळ्यांवरून फिरवला. "मला काय कळत नाही का वहिनी, की हे जायला पाहिजे? पण तुम्ही नका कापू. मी कापतो."

त्याने करवत घेतली. मधुवंती पाठ फिरवून खोकी मोजल्यासारखं करत राहिली, कारण माणसाला काही कामं करताना कुणी पाहू नये. कापलेली दोन कमळं त्याने पिशवीत घातली आणि पुढच्या दिवसांत फळीही दोन्ही अंगांनी पॉलिश केली. तिने न सांगता.

रविवारी शर्मिष्ठाताई पदर खोचूनच दारात उभ्या होत्या. गेल्या वेळी बाहेरच्या माणसासमोर आपली शोभा झाली, ही गोष्ट त्यांना आठवडाभर डाचत होती.

"चुकतच नाही म्हणतेस ना? बघतेच कशी चुकत नाही ती. जा आत. वाल ठेवलेत."

"परत वाल?"

"मागच्या वेळी अर्धे तसेच टाकून पळालीस."

बाहेर जे चाललं त्याला जोडणं म्हणणं कठीण होतं. ताई चुकायच्या जिद्दीने पेटल्या होत्या. त्यांनी खांबांची अदलाबदल केली. पिना खट् खट् खाली उतरल्या. "बसला मेला," त्या म्हणाल्या. पिना उपसून त्यांनी एक खांब उलटा केला. तोही बसला. दोन्ही उलटे केले. बसले. रेवती खुर्चीच्या अगदी कडेला आली होती. मधुवंतीच्या चिमटीतून वाल सटकून थेट फ्रिजखाली गेला.

"थांब तू," ताई शेकोटीलाच म्हणाल्या. मग फळी धरून त्यांनी सरळ खालचं अंग वर करून ठेवली. फळीही गुपचूप बसली. ताई विजयाने ओरडल्या, "चुकली! ही उलटी आहे! मी मुद्दाम उलटी लावली, रेवती, तू बघितलंस!"

"काकू, बाहेर या," रेवती म्हणाली. "ही चूक धरायची का?"

मधुवंतीने फळीवरून हात फिरवला. गुळगुळीत, चकचकीत. तिने अंबादासकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"ताई, उलटी कशावरून?"

शर्मिष्ठाताई वाकल्या. खालून बघितलं, वरून बघितलं, चष्मा लावून बघितलं. मग चष्मा काढून पुसला. दोन्ही अंगं सारखी असल्यावर माणूस कशाला नावं ठेवणार?

रेवतीने स्वतःच वायर जवळच्या खाचेतून काढून प्लग लावला. ज्वाळा हलू लागल्या. वर पंखा फुल्ल, खिडकीत बोरीवलीचं ऊन, आणि चौघं घाम पुसत विस्तवासमोर उभी.

"हीटर नका लावू बाई," अंबादास म्हणाला.

"सगळ्या बंगल्यांना अशाच द्या, काकू," रेवती म्हणाली. "उद्या गाळ्यावर येते, कुठला बंगला आधी ते ठरवू. ही मात्र मी आत्ताच गाडीतून नेते. शेवंताबाईंच्या हातून लावून बघायचीय."

मधुवंतीने वालाने ओले झालेले हात पदराला पुसले. तिने होकारार्थी मान हलवली. अंबादास खोकी उघडायला पुढे सरकला. पिनेला हात लागतो न लागतो तोच शर्मिष्ठाताई मध्ये आल्या.

"ए, बाजूला हो. मी जोडलीय, मीच सोडवणार." त्या ज्वाळांसमोर खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. "आणि ते आत्ता नाही. बिरडं होऊ दे, जेवा सगळे, मग बघू. मधू, फ्रिजखालचा वाल काढ आधी."