प्रबंध म्हणजे बांधलेलं

मेघालीला पीएचडीची हौस कुठून लागली, देवाला ठाऊक! वळ गावाच्या बाजूला तिच्या वयाच्या पोरी गोदामात शिफ्टला जातात, आणि ही बया आपल्याच आत्याच्या लग्नगाण्यांवर प्रबंध लिहायला बसली. आत्या म्हणजे मंगळी, पाड्यावरची धवलेरी. तिने गायल्याशिवाय पाड्यात लग्न लागत नाही. आणि तिने नाही म्हटलं, तर मेघालीच्या प्रबंधात छापायला एकही गाणं उरत नाही.

म्हणून छापण्याआधी परवानगी मागायला ती आली होती. मंगळी अंगणात वाल सोलत होती.

"परबंद म्हंजी काय गं?" तिने विचारलं.

झालं! पोरीला तेवढंच हवं होतं.

"संस्कृतातला जुना शब्द आहे, आते. बंध म्हणजे बांधणं. 'प्र' लावला की नीट, पक्कं बांधणं. पूर्वी सलग रचलेल्या काव्याला प्रबंध म्हणायचे. आता अभ्यास करून विषयाची नीट बांधणी करतात, त्याला म्हणतात."

मंगळीचा हात थांबला. "मंग न्हाय."

"न्हाय म्हणजे?"

"भगत भुताला बांधतो. गान्याला कुनी बांधतं का?"

मेघाली शहाणपण पाजळायला गेली आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला!

"अगं, लग्नाचा मांडव नाही का बांधत आपण? तसंच," ती कशीबशी म्हणाली.

"बांधतो. पन लगीन झालं का सोडतो बी. आपली रीतच हाय ती. तुजा परबंद कोन सोडनार?"

मेघालीने एक वाल उचलून सोलायला घेतला.

"तूच सोड, गाऊन," मंगळी म्हणाली. "बांध खुशाल. पन आदी गाऊन दाव."

मेघालीने मान खाली घातली. गाण्यांचे अर्थ तिला पाठ होते. पण कॉलेजात पोरी हसतील म्हणून हे सूर तिने कधी ओठांवर येऊ दिले नव्हते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मला नाही येत गं."

"मी आता म्हातारी झाली," मंगळी शांतपणे म्हणाली. "मी मेल्यावर पाड्यात लगीन कोन लावनार? तुजं पुस्तक?"

मेघालीने पहिली ओळ उचलली. श्वास कुठे घ्यायचा ते कळेना, आवाज भलतीकडेच गेला. मंगळीने तिला थांबवलं नाही. दुसऱ्या ओळीला तिने मागून सूर धरला.