तेल लावलेल्या पायऱ्या

सुताराने बजावलं होतं, "वहिनी, तेल एकाआड एक पायरीला लावा. ते मुरलं, पुसलं, की मग उरलेल्यांना. नाहीतर वर जाल कशा, उडत?"

पण चिमी झोपली होती, आणि रांगत्या लेकीची झोप म्हणजे आईला लागलेलं घबाडच. मागच्या दाराच्या लाकडी पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार झाल्या होत्या. रोज थोडं थोडं खपून तिने त्या घासल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या. आज एकदाचं उरकून टाकू म्हणून वरून एकेक पायरीवर तेल चोपडत ती थेट अंगणात उतरली. दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, रडणं ऐकू यावं म्हणून.

रडणं आलंच नाही. दारात चिमीच आली.

आईला तेलावरून वर धावता येईना. पुढच्या दाराला आतून कडी, सासूबाई न्हाणीघरात. चिमी आईला पाहून खुदकन हसली आणि भराभर कडेशी आली.

"थांब गं सोने, थांब!"

आवाजाने पोरगी आणखीच पुढे. तिचा एक हात पायरीवर पडला आणि सर्रकन घसरला. कशीबशी सावरली.

आपण दिसतोय तोवर ही येतच राहणार! काळजावर दगड ठेवून आई पायऱ्यांखालच्या पोकळीत लपली. वर चिमीने भोकाड पसरलं. रडणं पुढे सरकतंय की मागे, काही कळेना. अंगणातली बादली पालथी घालून ती तिच्यावर चढली, वरच्या पायरीच्या फटीतून हात घातला. नुसतं लाकूड. पुन्हा चाचपडलं. इवलासा पाय लागला. तो तिने घट्ट धरला.

"आई! अहो आई, लवकर या!"

सासूबाई ओल्या केसांनी धावत आल्या. "अगं, गाव कशाला गोळा करतेस? आणि आहेस कुठे?"

"खाली! पायरीवर पाऊल टाकू नका! आधी चिमीला उचला!"

"उचलते की. तू तिचा पाय सोडशील तर ना!"

सोडायचा होता. बोटंच ऐकेनात.

सासूबाई खाली बसल्या. "मी धरलंय हिला. सोड बाई आता."

"घट्ट धरलंय?"

"घट्ट."

"परत सांगा."

"धरलंय गं, घट्ट धरलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि फटीतून हात घालून तिचं एकेक बोट सोडवू लागल्या.