चादरीखालचा कोपरा

मापाच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. साचे ओतणारे कारागीर हात न धुताच धावत आले होते आणि त्यांच्या कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर वाळत चाललं होतं. रिसेप्शनवालीनं फोन उचलून बाजूला ठेवला होता. स्टोअरवाला स्टुलावर चढला होता. कुबड्या घेतलेले पेशंटसुद्धा दाराशी माना उंचावून उभे होते. सगळ्यांची नजर टेबलावर होती. टेबलावर कॉम्प्युटर होता, कॉम्प्युटरवर काळी चादर होती आणि चादरीत डोकं घातलेले महाराज होते.

"हूंऽऽ," चादर बोलली. "आत बसली आहे. सगळे कप्पे मोकळे, एकच कप्पा धरून बसली आहे."

"काय बसलंय, महाराज?" आमच्या साहेबांनी हात जोडून विचारलं.

"छाया!"

स्टुलावरचा स्टोअरवाला नकळत खाली उतरला.

हे महाराज म्हणजे मूळचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. आमच्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपची यंत्रं वर्षानुवर्षं तेच बघत. पुढे त्यांना सिद्धी का काय ती झाली आणि दुरुस्तीच्या जागी बाधा उतरवणं सुरू झालं. स्क्रू ड्रायव्हर गेला आणि चादर आली. लोक त्यांना महाराज म्हणायचे. मी मनातल्या मनात चादरबाबा म्हणायचे.

मागच्या आठवड्यात त्यांनी आमच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप अपग्रेड केला. स्क्रीनचं रूप बदललं, चित्रं बदलली, सगळं कसं गुळगुळीत झालं. वर्कशॉपला कॉम्प्युटर हा एकच. त्यावर प्रत्येकाचं आपलं नाव आणि आपला पासवर्ड. अपग्रेडनंतर सगळे आत जाऊ शकत होते. फक्त माझ्या नणंदेला, वन्संना, कॉम्प्युटर आत घेत नव्हता.

"या एकेक," महाराजांनी चादर काढली. "डोळ्यांनी बघा."

रिसेप्शनवालीनं आपलं नाव निवडलं, पासवर्ड टाकला, निळा नवा डेस्कटॉप उघडला. ती कॉम्प्युटरमधून बाहेर पडली. स्टोअरवाला बसला, उघडला. प्लास्टरवाला एका बोटानं चाचपडत बसला, त्याचाही उघडला.

"आता तुम्ही, बाई."

वन्सं खुर्चीत बसल्या. पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली. क्षणभरानं पुन्हा तीच नावांची यादी समोर आली. कुणी दार उघडावं, तोंड बघावं आणि दार लावून घ्यावं, तसं.

"पासवर्ड चुकला असेल," मी मागून म्हटलं.

"चुकला असता तर यंत्रानं तसं सांगितलं असतं," महाराज माझ्याकडे न बघता म्हणाले. "ते यांना ओळखतंय, सूनबाई. ओळखून नाकारतंय."

तेवढं मात्र खरं होतं. चुकीचा पासवर्ड टाकला की लाल अक्षरांत तसं लिहून यायचं. वन्संना ते कधीच आलं नव्हतं.

महाराज पुन्हा चादरीत शिरले. गुणगुणले, डोलले, खांदे उडवले. बाहेर येऊन त्यांनी वन्संच्या डोक्यावर हात ठेवला. "टाका आता." वन्संनी पासवर्ड टाकला आणि स्क्रीन उघडली! शिवाय उघडली ती जुन्या रूपात, अपग्रेडच्या आधी होती तशी. तळाशी वन्संचा बाहुलाही इकडून तिकडे टुकुटुकु चालत होता. मापाला येणारी लहान मुलं बुजतात म्हणून त्यांनी तो फार पूर्वी आपल्या स्क्रीनवर बसवला होता.

"बघा!" महाराज गरजले. "छाया येण्याआधीचं रूप! यंत्रानं मागे वळून दाखवलं!"

खोलीभर "अरे बापरे" उमटलं. महाराजांनी वन्संना बाहेर पडायला लावलं, पुन्हा चादर ओढली, 'मार्ग बंद' केला आणि यंत्र शांत झालं का ते बघायला रिसेप्शनवालीला बसवलं. तिचं नेहमीसारखं नव्या रूपात उघडलं. वन्सं पुन्हा बसल्या तर पुन्हा काळी स्क्रीन आणि पुन्हा यादी.

"माझ्या बळावर उघडतं, यांच्या हातानं नाही," महाराजांनी सुस्कारा सोडला. "हात जड आहे. परवा तो पोस्टमन जिन्यावरून पडला. त्याच्या पायाचं माप कुणी घेतलं होतं?"

सगळे वन्संकडे बघायला लागले. माप अर्थातच वन्संनी घेतलं होतं. इथली सगळीच मापं त्या घेतात. पण हे बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं.

"मापाला हलका हात हवा," महाराज म्हणाले. "माझा मेहुणा आहे, शिकलेला आहे. बघा बुवा, मी काही सुचवत नाही."

साहेब तसे वाईट नाहीत, पण वाद उभा राहिला की तो कसाही मिटवून टाकतात. ते म्हणाले, "ताई, उद्या सकाळी सगळ्यांसमोर शेवटचं बघू. यंत्रानं घेतलं तर प्रश्नच मिटला. नाही घेतलं तर तुम्ही स्टोअरला बसा. पेशंटना हात नको लावायला."

पेशंटना हात नको लावायला! माझं रक्त उकळलं. पाय गेलेला माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्या कापून उरलेल्या पायाकडे त्याच्या घरचेही बघत नाहीत. वन्सं तो मांडीवर घेतात, कुरवाळल्यासारखं माप घेतात आणि गप्पा मारतामारता त्याला रडूही देतात. ते काम काढून घेतलं तर त्यांच्याकडे काय राहणार होतं?

संध्याकाळी घरी आलो. माझी दीड वर्षाची लेक आत्याचा आवाज ऐकून दुडुदुडु धावली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. वन्संनी आपले हात पाठीमागे नेले.

"वहिनी, हिला तू घे."

"वन्सं, काहीतरीच काय!"

"नको गं. त्या माणसाचं डोकं फुटता फुटता वाचलंय." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "यंत्राला काय माझं वैर आहे? त्याला कुणी शिकवलं खोटं बोलायला?"

लेक हात वर करून तशीच उभी होती. मग तिचा ओठ वाकला. मी तिला उचललं आणि मला रडू आलं, रागाचं. चादरबाबा समोर असता तर मी त्याच चादरीत त्याचं गाठोडं बांधलं असतं. पण रागानं स्क्रीन उघडत नव्हती, आणि ती का उघडत नाही हे मलाही कळत नव्हतं. याचीच मला खरी भीती वाटत होती.

सकाळी माझं पहिलं काम नेमकं पोस्टमनचं होतं. मी वर्कशॉपमध्ये नव्या पायावर चालायला शिकवते. दोन कठड्यांच्या मधून तो चालायला लागला आणि पुढे झुकायला लागला, जणू मागून कुणी ढकलतंय.

"पाय बिघडलाय, मॅडम. तुमच्या नणंदबाईंचा हात..."

"गप्प बसा. हे बूट कधी घेतले?"

"हे? पडलो त्याच दिवशी. पायात घालूनच आलो दुकानातून."

मी खाली बसून बघितलं. टाच चांगलीच उंच होती. आमचा पाय जुन्या बुटाच्या टाचेच्या उंचीवर जुळवलेला असतो. टाच उंच झाली की अख्खा माणूस पुढे कलतो. पिशवीत त्याचे जुने बूट होते. ते चढवले आणि पोस्टमन सरळ चालत त्या टोकाला गेला, वळला, परत आला.

"मग पाय बरा आहे?"

"पायही बरा, बूटही बरा. दोघांचं जुळत नाही, एवढंच." आणि हे बोलताबोलता मी कठडा धरूनच उभी राहिले. पेशंट लंगडला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. बूट बदलतो, मग पट्टा, मग पाय. वन्संच्या बाबतीत आम्ही काहीच बदलून बघितलं नव्हतं! हात वन्संचा आणि नावही वन्संचंच. यंत्र नक्की कशाला नाकारत होतं? हाताला की नावाला? कुणी कुणाच्या नावानं बसायचं नाही, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळेच हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्या डोक्यात आलं होतं तो गप्प बसला होता.

मी पोस्टमनला तसाच घेऊन मापाच्या खोलीत पोहोचले. गर्दी जमली होती. महाराज चादर झटकत होते.

"साहेब, चादर घालायच्या आधी मला थोडा वेळ द्या."

"यंत्र तापलंय, सूनबाई, मध्ये पडू नका!"

"साहेब, तुम्ही म्हणालात सगळ्यांसमोर बघू. मग सगळ्यांसमोर बघू या."

साहेबांनी कपाळ पुसलं आणि मान डोलावली. मी वन्संना खुर्चीत बसवलं. "माझं नाव निवडा." मी वाकून त्यांच्या कानात माझा पासवर्ड सांगितला.

"अगं, नियम..." वन्सं दचकल्या.

"आज सांगते, संध्याकाळी बदलते. टाका."

त्यांची बोटं बटणांवर थांबली. उघडलं नाही तर काय होईल हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी डोळे मिटून पासवर्ड टाकला.

निळा डेस्कटॉप उघडला.

"वन्सं, डोळे उघडा. हात तुमचाच आहे ना?"

प्लास्टरवाला मोठ्यानं म्हणाला, "घेतलं की हो यंत्रानं!"

मग मी त्यांना उठवून स्वतः बसले. नाव वन्संचं निवडलं, पासवर्ड त्यांनी माझ्या कानात सांगितला. मी तो टाकला. काळी स्क्रीन आणि पुन्हा यादी. मला बाहेर काढलं!

"छाया पसरली!" महाराज ओरडले. "एका घरात राहता! तुम्हालाही लागली!"

दोन माणसं मागे सरकली. मी खुर्ची रिकामी केली. "बरोबर आहे. म्हणजे ज्याला छाया लागत नाही असाच हात हवा. महाराज, तुम्ही बसा. नाव वन्संचं, पासवर्ड त्या सांगतील. मात्र चादर न घालता."

"चादरीशिवाय मार्ग दिसत नाही."

"दिव्याखाली दिसत नाही आणि चादरीत दिसतो?"

कुणीतरी हसलं. पोस्टमननं पुढे होऊन चादर उचलली आणि आपल्या पिशवीत कोंबली. साहेब हळूच म्हणाले, "बसा ना, महाराज. त्यात काय?"

महाराज बसले. कपाळावर घाम होता. वन्संनी कानात पासवर्ड सांगितला. महाराजांचा उजवा हात सवयीनं माउसवर गेला, स्क्रीनवरचा बाण खालच्या कोपऱ्याकडे सरकला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला, पासवर्ड टाकला. काळी स्क्रीन आणि पुन्हा यादी.

"अरेच्चा," प्लास्टरवाला म्हणाला, "महाराजांचापण हात जड झाला!"

खोली हसली. मी मात्र त्या कोपऱ्याकडे बघत होते.

"थांबलात का? जायचं होतं ना तिकडे?"

मी माउस घेतला आणि कोपऱ्यात नेला. तिथे एक बारीक शब्द होता, रोज समोर असून कुणी न वाचलेला. त्यावर दाबलं तर दोन ओळी उघडल्या: नवा डेस्कटॉप, जुना डेस्कटॉप. अपग्रेड करताना त्यांनी जुना काढून टाकलेलाच नव्हता. मी जुना निवडला आणि वन्संना म्हटलं, "टाका. डोक्यावर कुणाचा हात नको."

वन्संनी पासवर्ड टाकला. जुनं रूप उघडलं, बाहुला चालायला लागला. चादरीखाली चाललेला सगळा चमत्कार तो एवढाच. शिरायचं, कोपऱ्यात जुना निवडायचा, निघताना पुन्हा नवा लावून ठेवायचा.

"पण ताईंचंच का अडायचं?" साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"टाच उंच झालीय कशाची तरी," पोस्टमन म्हणाला. "ताईंच्या नावात असं काय आहे जे बाकी कुणाच्या नावात नाही?"

सगळे स्क्रीनकडे बघत होते. स्टोअरवाला स्टुलावरून ओरडला, "बाहुला!"

वन्संनी सेटिंगमध्ये जाऊन तो काढून टाकला. जरा हळहळल्या. मग बाहेर पडून कोपऱ्यात नवा डेस्कटॉप निवडला आणि पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली. मी त्यांचा खांदा घट्ट धरला. काळ्याचं निळं झालं आणि निळं तसंच राहिलं. बाहुला जुन्या डेस्कटॉपच्या मापानं बनलेला होता. नवा डेस्कटॉप वन्संची सगळी जुनी मांडामांड लावायला जायचा, बाहुल्याशी अडखळून कोसळायचा आणि त्यांना पुन्हा दाराशी आणून सोडायचा. यात छाया नव्हती आणि हातही नव्हता.

"मी दुरुस्तच करत होतो," चादरबाबा पुटपुटले.

"दुरुस्तीला चादर कशाला लागते?" हे साहेबांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाबा उठले आणि चादर न मागताच निघाले. बाहेर जिन्यात त्यांचा मेहुणा नवा शर्ट घालून बसला होता. त्यालाही सोबत घेऊन गेले.

साहेबांनी वन्संची सगळ्यांसमोर माफी मागितली. पण जे लोक मागे सरकले होते ते चांगले, शिकलेले, रोजच्या ओळखीचे होते, हे मला विसरता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. यंत्राला माणसाचं नशीब वाचता येत नाही. एकाचं काम होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, तेव्हा दुसऱ्याच्या कपाळाकडे बघू नका, दोघांत वेगळं काय आहे ते शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. नाही सापडलं तर "माहीत नाही" म्हणा, त्यात काही लाज नाही. आणि कुणी चादर पांघरून चमत्कार करू लागला तर आधी ती चादर काढायला लावा.

संध्याकाळी लेक पुन्हा धावत आली. हात वर करून उभी राहिली. वन्संचे हात पाठीमागे गेले. भीती अशी एका सकाळीत जात नाही. लेकीनं थोडी वाट बघितली, मग सरळ त्यांच्या मांडीवर चढली आणि पाय पसरून बसली.

वन्संचा हात हळूहळू पुढे आला. त्यांनी ते इवलंसं पाऊल तळव्यात घेतलं आणि टाचेपासून बोटांपर्यंत अंगठा फिरवला, मापाच्या खोलीत फिरवतात तसा.

"वाढलाय गं हिचा पाय," त्या म्हणाल्या. "बूट घट्ट होत असतील. उद्या नवे आणते."