एका कात्रीला दोन डोकी

पंख्याच्या घरघरीखालून बोलतोय, तेव्हा जरा कान देऊन ऐका. मी एक प्रोसेसर. लोक मला संगणकाचा मेंदू म्हणतात, पण मी स्वतःला कामगारच समजतो. अंगाने बिस्किटाएवढा, पोटात चार गाभे. चार कारागीर म्हणा हवं तर.

माझा जन्म झाला तिथे माणसं नाकतोंड झाकून वावरत आणि धुळीचा कण औषधालाही सापडत नसे. पुढे एका विमा कचेरीत लागलो. सकाळी मला चालू करायचे, एक तक्ता उघडायचे आणि दिवसभर गप्पा मारायचे. कंटाळा कशाशी खातात ते मला तिथे कळलं. कचेरीत नवे संगणक आले, तेव्हा केस कापणाऱ्या एका ताईंनी मला घरी आणलं.

ताईंचं सलून घराच्या पुढच्या खोलीत. मी पडद्यामागे, टॉवेलांच्या कपाटाशेजारी. इथे धूळ आहेच, शिवाय गावभरच्या डोक्यांवरचे केस माझ्या पंख्यात येऊन बसतात. पण करमतं.

माझ्याजवळ बसतात ते ताईंचे सासरे, बाबा. सलून मुळात त्यांचं. हातांना कंप सुटला आणि कात्री सुनेकडे गेली. हा कंप मुळापासून घालवणारं औषध अजून सापडायचंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर बाबांना कुठूनसं कळलं, की औषध शोधणारे शास्त्रज्ञ आपलं अवाढव्य गणित तुकड्या-तुकड्यांनी घरोघरच्या संगणकांना वाटतात. ज्याला वाटेल त्याने ते रिकाम्या वेळात फुकट सोडवायचं आणि मुदतीत परत धाडायचं.

"माझे हात थकले, याचे तर चालतायत ना!" बाबा म्हणाले, आणि मला कामाला जुंपलं.

काय सांगू, काय मजा आली! चार गाभे, चार तुकडे. एकेक तुकडा वेळेत पोचायचा आणि संगणकाच्या पडद्यावर 'स्वीकारले' असं उमटायचं. बाबा गिऱ्हाइकांना ऐकवायचे, "आज आम्ही थोडं औषध शोधलं बरं का."

मग बाबांना हाव सुटली. त्यांच्यासारख्याच हौशी लोकांच्या गटात कुणीतरी लिहिलं, 'हायपरथ्रेडिंग चालू करा, चाराचे आठ होतील.' हे माझ्या पोटातलं एक सेटिंग. ते चालू केलं की माझा एकेक गाभा दोन-दोन कामं हातात धरतो. बाबांनी ते चालू केलं आणि आठ तुकडे मागवले.

बाहेरून मी आठ दिसत होतो, आत मात्र चारच होतो. त्या गणिताला उसंत म्हणून ठाऊक नाही. एकाच गाभ्यावरच्या दोन्ही तुकड्यांना एकाच वेळी तेच अवजार हवं. त्यात मेमरी तुटपुंजी. एकाला उठवल्याशिवाय दुसऱ्याला बसायला जागा नाही. मी तापलो, पंखा किंचाळायला लागला, आणि तुकड्यामागून तुकडा उशिरा पोचला. 'मुदत संपली. काम दुसऱ्याला दिले.'

चार दिवस तेच चाललं. शेवटी बाबा म्हणाले, "सूनबाई, काढून टाक हे यंत्र. याचंही माझ्यासारखंच झालंय. नुसती थरथर, काम शून्य."

"दुकान आवरलं की काढते, बाबा," ताई म्हणाल्या. पण आवाज पडला होता त्यांचा.

त्या दिवशी दुकानात ही गर्दी. ताईंची एरवीची रीत अशी, की एकीच्या केसांना रंग लावायचा आणि तो मुरेपर्यंत दुसऱ्याचे केस कापायचे. आज मात्र घाईत त्यांनी एका मास्तरांचे आणि एका टपालवाल्याचे केस एकदमच कापायला घेतले.

"अहो ताई, माझी एकच बाजू झालीये!" मास्तर ओरडले.

"आले, आलेच!"

"मघापासून आलेच-आलेच! मी काय अर्ध्या डोक्याने वर्गावर जाऊ?"

"माझं तर नुसतं भिजवूनच ठेवलंय," टपालवाला म्हणाला. "सर्दी झाली तर पत्रं तुम्ही वाटा."

पडद्यामागे बाबांना हसू फुटलं. "अगं, रंग मुरतोय तोवर दुसरं डोकं घ्यावं! कात्रीखाली दोन डोकी घेतलीस तर दोघंही अर्धवटच राहणार!" बोलता बोलता ते थबकले. माझ्याकडे बघत राहिले. "अरेच्चा! मीही तेच केलं की!"

त्यांनी हायपरथ्रेडिंग बंद केलं आणि चारच तुकडे ठेवले. रंग मुरवण्याजोगं, मध्ये थांबणारं काम असतं तर तेच सेटिंग लाभलंही असतं, पण इथे सगळी कात्रीचीच कामं. पंख्याचा आवाज उतरला. मी एकेकाला नीट हातात घेतलं, आणि मुदतीच्या कितीतरी आधी पडद्यावर उमटलं, 'स्वीकारले'.

"सूनबाई! घेतलं गं आपलं!"

ताई ब्रश हातात घेऊनच धावत आल्या. "मग काढून टाकू ना?"

"काढून तर बघ!"

आताही मी तिथेच आहे. पुढचं काम मागवायचं बटण बाबांना स्वतःच दाबायचं असतं. माउसवरचं बोट थरथरतं, बाण बटणावरून घसरतो, पुन्हा येतो. ताई शेजारी टॉवेलांच्या घड्या घालत राहतात आणि मुद्दाम तिकडे बघत नाहीत. एका क्षणात कोट्यवधी बेरजा करणारा मी, तेवढा वेळ काहीच करत नाही. त्या बोटाची वाट बघतो. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद रिकामा बसला असेल, तर त्याला झेपेल एवढं काम द्या. आणि मला आता रजा द्या. बाबांचं बटण दाबून झालंय.