पाठीच्या वाट्याचे मलम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. त्या मंगळवारी मात्र मी जुना नव्हतो. दवाखान्यातल्या एका लहान खोलीत, लोखंडी टेबलावर, पाणसळीत बसवलेला कामाचा काटा होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. शिंपीकाका खुर्चीत बसले होते आणि त्यांची मुलगी दाराशी उभी राहून मोबाइलवर ऑफिसला सांगत होती, "अर्ध्या तासात पोचते." काही विशेष घडत नव्हते. ज्या दिवसाची पुढे जन्मभर आठवण काढावी लागते, तो येतो तेव्हा त्याला कोणी "बस" असेसुद्धा म्हणत नाही.

डॉक्टरांनी काकांचे हात उलटसुलट करून पाहिले. "वा काका! हे तर कामाला लागले पाहिजेत."

"लागले की," काका म्हणाले. "परवाच एकाचा कोट उसवला. म्हणतो, पोट वाढलंय, तेवढं सांभाळून घ्या. मी म्हटलं, कोट मोठा करतो, पोटाचं तुम्ही बघा."

मग त्यांनी शर्ट काढला. पाठीवर लाल चट्टे होते आणि त्यांवर माशाच्या खवल्यांसारखे पांढरे पापुद्रे. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"पाठ आहे तिथेच आहे. पाठीला मलम कोण लावतं?"

"मुलगी. सकाळ-संध्याकाळ, न चुकता."

मुलगी मोबाइलकडे बघत राहिली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. सिस्टरने काकांच्या ट्यूब नुकत्याच माझ्यावर ठेवून आकडा टिपला होता.

"काटा म्हणतोय, औषध पुरेपूर वापरलंय. मग सरळ आहे, पाठीवर हे चालत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तसे लिहिले.

ते चूक होते. ती चूक माझ्या तोंडून झाली, म्हणून ही सगळी हकीकत सांगणे मला भाग आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझी सख्खी भावंडे सोनारांकडे गेली, माझ्या कपाळी मलमाच्या ट्यूब आल्या. त्या दवाखान्यात त्वचेच्या आजारांवरच्या नव्या औषधांची चाचणी चाले. औषध तयार असे, डॉक्टर तयार असत, अडे ते माणसांवर. साठ माणसे हवी असत. भिंतीवर जाहिरात लावली की चौकशीला शंभर येत. मग अट कळे, की आधी जुनी सगळी औषधे चार आठवडे बंद ठेवायची. त्या चार आठवड्यांत खाज अशी उसळे की माणसे रात्रीचे अंथरूण फाडायला उठत. निम्मी तिथेच गळत. उरलेल्यांना ट्यूब मिळत. कोणाच्या ट्यूबमध्ये खरे औषध आणि कोणाच्या नुसते साधे मलम, हे ना त्यांना ठाऊक, ना सिस्टरला, ना डॉक्टरांना. मग बरा झालेला यायचा बंद होई आणि बरा न होणाराही यायचा बंद होई.

अशांना धरून ठेवण्याचे काम सिस्टरचे. ती फोन लावून बसे. "रागावले नाहीये हो मी. तुम्ही नुसते या." एकदा पलीकडचा इतक्या मोठ्याने बोलला की मलाही ऐकू आले, "सिस्टर, माझी सासूसुद्धा एवढे फोन करत नाही!" त्यावर ती म्हणाली, "सासूला गरज नसेल तुमची. मला आहे." तो आला.

माझे काम सोपे होते. भरलेली ट्यूब देताना तिचे वजन करायचे, परत आली की पुन्हा करायचे. रोज सहा ग्रॅम, चौदा दिवसांचे चौऱ्याऐंशी. तसा तक्ताच भिंतीवर लावला होता. दोनदा कमी वापर दिसला तर नाव वगळायचे, असा नियम होता. "लोक काहीही सांगतील, काटा खोटं बोलत नाही," असे सिस्टर नव्या रुग्णांना सांगे, आणि मी मनातून फुशारत असे. मला ट्यूबमधून किती गेले ते कळते. कुठे गेले ते कळत नाही. हे तिला कोणी विचारले नाही आणि मला सांगता येत नव्हते.

शिंपीकाका जाहिरात वाचून आपण होऊन आले होते. त्यांचे हात बघून गिऱ्हाईक कापड द्यायला कचरू लागले होते. "लोक तोंडावर काही बोलत नाहीत," ते म्हणाले होते. "नुसतं म्हणतात, नंतर येतो." ते चार आठवडे त्यांनी दातओठ खाऊन काढले. बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. घरात ते आणि मुलगी.

औषध सुरू झाल्यावर चौथ्या आठवड्याला त्यांच्या ट्यूब जड भरल्या.

"काका, एवढं उरलं कसं?" सिस्टरने विचारले.

"पाठीपर्यंत हात पोचत नाही हो."

"मग मुलीला सांगा ना."

काका म्हणाले, "सांगतो."

"सांगाच. अजून एकदा कमी आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. नाव काढावं लागेल."

काकांनी आपल्या हातांकडे पाहिले. बोटांची पेरे कित्येक वर्षांनी स्वच्छ दिसू लागली होती. नाव गेले की ट्यूब जाणार आणि ट्यूब गेल्या की हेही जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आले.

पुढच्या खेपेला ते एकटेच आले. सिस्टर बाहेर कोणालातरी फोनवर समजावत होती. काका उठले. ट्यूब त्यांनी स्वतःच माझ्यावर ठेवली, आकडा पाहिला, भिंतीवरचा तक्ता पाहिला. मग कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन त्यांनी ट्यूब दाबली. पुन्हा माझ्यावर ठेवली. अजून थोडे दाबले. कापड बेतावे तसे ते बेताबेताने चालले होते. आकडा जुळला तेव्हा त्यांनी नळ सोडून बेसिन नीट धुतले.

"चाळीस वर्षं मापं घेतली," ते माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "मापात पाप कधी केलं नाही. आता होतंय. तू गप्प बस म्हणजे झालं."

मी गप्प बसलो. दुसरे मला काय येते? सिस्टर आत आली, तिने वजन केले आणि म्हणाली, "शाबास काका! मुलगी लावायला लागली वाटतं?"

"हो, आता लावते."

त्यानंतर त्यांनी हे काम घरूनच उरकून आणले. आकडा दर वेळी बरोबर येई. सिस्टर इतरांना त्यांचे उदाहरण देई.

त्या मंगळवारनंतर दुसऱ्या सोमवारी सिस्टरने नेहमीसारखा आठवणीचा फोन लावला. "उद्या काकांना आणताय ना?" मग ती बोलायची थांबली. "कधी?... बुधवारी?... मशीनवर बसल्या बसल्या?" काकांचे हृदय बंद पडले होते. औषधाचा त्याच्याशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी नंतर फॉर्मवर लिहिले. फोन ठेवण्याआधी सिस्टरला विचारावेच लागले, "बाई, ट्यूब तेवढ्या आणून द्याल का?" माणूस परत येवो न येवो, ट्यूब परत याव्या लागतात.

पुढे माझ्या जागी नवा काटा आला. मी आता कपाटात, जुन्या फायलींखाली असतो. चार वर्षांत कोणी धूळ पुसलेली नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. आकडा बरोबर सांगूनही मी एका माणसाबद्दल कित्येक आठवडे खोटे सांगत राहिलो, त्याची खंत आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यावर विश्वास ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या घरात कोणी औषध लावत असेल, तर ज्या जागी त्याचा हात पोचत नाही, तिथे कोण लावते ते विचारा. आणि "लावते" असे उत्तर आले, तर एकदा स्वतः बघा.

आता राहिले एकच. पंधरा दिवसांनी मुलगी ट्यूब घेऊन आली. सिस्टरने तिला बसवले, पाणी दिले. ट्यूब माझ्यावर ठेवल्या.

"आठ दिवस, अठ्ठेचाळीस ग्रॅम. अगदी बरोबर," सिस्टर म्हणाली. "शेवटपर्यंत नेमानं केलंत बाई तुम्ही." ती लिहू लागली.

"सिस्टर, ते लिहू नका."

"का गं?"

"मी लावलंच नाही. पहिले चार दिवस लावलं. मग ते शर्ट काढून बसायचे आणि मी आतून म्हणायचे, आलेच. ते बसून राहायचे. नंतर आपले आपणच शर्ट घालायचे."

"मग औषध गेलं कुठे?"

"बेसिनमध्ये. मला दिसायचं, कडेला पांढरं राहिलेलं. मी पाणी ओतायचे."

सिस्टरने पेन खाली ठेवले. "नोकरी, घर, सगळं एकटीवर. वेळ मिळत नसेल गं तुला."

"वेळ होता," मुलगी म्हणाली. मग तिने सिस्टरकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावे तशी ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, वेळ होता. मला तुमच्या पाठीला हात लावायची किळस यायची."