न मोजलेली पेटी

दुधाच्या बाटलीच्या निपलच्या कडेला एक रेघ होती — की नव्हती? तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं, दोन बोटांत ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. रबर मऊ होतं, कालच्यासारखंच. पण काल आपण नीट पाहिलं होतं का, आणि पाहिलं असेल तर आज पुन्हा का पाहतोय... पाळण्यात पिल्लू भुकेने पाय झाडत होतं, आणि त्याची आई ओट्याशी उभी राहून रबराची परीक्षा घेत होती.

"अगं, परवाच आणलंस ना नवीन?" सासूबाई म्हणाल्या. "ताणून ताणून तूच फाडशील एक दिवस."

"बघतेय फक्त."

"बघतेस कसली, पंचनामा करतेस. आण इकडे, लेकरू रडून लाल झालंय."

तिने बाटली दिली. पिल्लू चुटुचुटु पिऊ लागलं, सासूबाई त्याच्याशी बोबडं बोलू लागल्या, घर पुन्हा घरासारखं झालं. पण तिच्या बोटांना चैन नव्हतं. गेल्या आठवड्यात याच बोटांनी, कुणाला न विचारता, असंच एक रबर ताणलं होतं — आणि ते ताणलं गेलंच नव्हतं. उन्हात वाळलेल्या चिखलासारखं तडकत गेलं होतं, तळव्यावर काळा चुरा ठेवून.

ते सैन्याचं गोदाम होतं. विषारी वायूचा हल्ला झाला तर सैनिकांनी तोंडावर चढवायचे मुखवटे तिथे ठेवलेले, छतापर्यंत पेट्याच पेट्या. पुढे येऊ शकणाऱ्या संकटांना देशाचं सैन्य पुरं पडेल का, हे सध्या सैन्यात नसलेल्या माणसांनी कुणाची भीडभाड न ठेवता तपासावं, म्हणून जी समिती नेमली होती तिच्यात ती वयाने सगळ्यांत लहान. संख्याशास्त्र शिकलेली, आकडे तपासायला घेतलेली. आणि आकडे चोख होते. नियमच तसा होता : सील शाबूत, तर पेटी भरलेली आणि माल चांगला धरायचा. सील उघडलं, की ती पेटी बाद. म्हणून कुणीच उघडत नव्हतं... गोदामवाले नाही, त्यांच्यावरचे साहेब नाही, आणि समितीही नाही. सामान हलवताना एका पेटीचं सील तुटलं होतं. ती भिंतीशी सरकवून ठेवली होती. "ती नका बघू मॅडम, ती आम्ही मोजतच नाही," गोदामवाला हसून म्हणाला होता. तिने हात घातला तो नेमका त्याच पेटीत.

एक पेटी. संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. फुटलेल्या पेटीत हवा गेली असेल, ओल गेली असेल — दुसऱ्या कुणी हे मला सांगितलं असतं तर मीच त्याला हसले असते.

समितीच्या सभेला जाताना बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. चौकात शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती, एकमेकांच्या दप्तराला लोंबकळत, आणि तिच्या मनात नको असताना आलं — यांच्या मापाचे मुखवटे त्या गोदामात नव्हते. नसणारच, सैन्याचं गोदाम ते. पण सैनिक उभा राहिला तरच मागचं सगळं उभं राहणार ना... तिने काच घट्ट लावून घेतली. मग स्वतःचीच लाज वाटून थोडी उघडली. नवरा म्हणतो ते खरंच असेल. "बाळ झाल्यापासून तुला सगळीकडे भीतीच दिसते गं. परवा पंख्याकडे बघून रडलीस." रडले होते. पंखा डगमगत होता. नवऱ्याने स्टुलावर चढून पाहिलं, तर स्क्रू एकदम घट्ट. मग हे रबरही तसंच असेल तर? पाळण्यावर वाकून श्वास ऐकणाऱ्या बाईने देशाच्या सैन्याविषयी मत द्यावं का? समिती स्वतंत्र होती. ती कुठे स्वतंत्र होती!

सभेच्या खोलीत चहाचे कप आधीच मांडले होते. अध्यक्ष सैन्यातले एकेकाळचे मोठे अधिकारी, आवाज अजून मैदानावरचा. शेजारी आयुष्य समुद्रावर काढलेले निवृत्त नाविक — त्यांना सगळे जहाजकाका म्हणत — बिस्किट चहात बुडवून बसले होते. तिने पेटीची गोष्ट काढली. बोलताना आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे सगळ्या पेट्या उघडायच्या?" अध्यक्ष म्हणाले. "उघडली की बाद. शत्रूला यायची गरजच नाही मग, आपणच सगळं बाद करून ठेवू."

सगळे हसले. तीही हसली.

"बाळ कसंय तुमचं?" त्यांनी मायेने विचारलं. "झोप होते ना नीट? पहिलं वर्ष कठीणच असतं बरं. आमची सूनही दचकून उठायची."

तिला कळलं. तिची पेटी त्यांनी हळूच उचलून भिंतीशी सरकवली होती.

मग शेवटचं काम. प्रत्येकाने सैन्याबद्दल मोठ्याने एकच शब्द सांगायचा — समर्थ, काठावर किंवा असमर्थ. थोरांचं ऐकून धाकट्यांनी माना डोलवू नयेत, म्हणून सुरुवात सगळ्यांत लहानापासून. सैन्यातली पद्धत अध्यक्षांनीच इथे आणली होती, अभिमानाने. म्हणजे आधी ती.

"बोला."

समर्थ. किती सोपा शब्द, तोंडातून नुसता घरंगळला असता. संध्याकाळी घरी जाता आलं असतं, पिल्लाला घेऊन गच्चीत उभं राहता आलं असतं... आणि पुढे कधी, ते मोठं झाल्यावर, कुणाच्या तरी तोंडावर त्या पेटीतला मुखवटा — कुणाच्या? असमर्थ म्हणावं, तर कशाच्या जोरावर? तळव्यावरच्या चुऱ्याच्या? तिचा अंगठा बोटावर घासत होता, तिथे काहीच नसताना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"हा शब्द आपल्यात नाही."

"माहीत आहे. पण मला माहीत नाही. उघडल्याशिवाय मी... मला नाही सांगता येणार."

अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. क्रम सोडून त्यांनी शेजारी मान वळवली. "जहाजकाका, तुम्ही?"

जहाजकाका एरवी प्रश्न संपण्याआधी बोलत. आज त्यांचं बिस्किट चहात तुटून बुडालं, तरी हात तसाच अधांतरी. ते तिच्याकडे पाहत होते — तिच्या घासणाऱ्या अंगठ्याकडे — आणि त्यांच्या डोळ्यांत तिला तीच भीती दिसली, जी पहाटे मोरीवरच्या आरशात रोज दिसे. इतके दिवस तिला वाटत होतं, कुणीतरी एकाने आपल्यावर विश्वास ठेवला की छातीवरचा दगड उतरेल. उलट आता वाटलं, आपलं खरं ठरू नये. हसा ना काका, ती मनात म्हणू लागली, हसा, म्हणा की पोरी, वेडी आहेस तू, झोप नीट झाली नाही तुझी, म्हणा ना... जहाजकाकांनी कप बाजूला सरकवला, आणि ते हसले नाहीत.